बावीस वऱ्हाडांचा साहेब

माझ्या वडिलांना "तुमाले मराठी येते वाटते थोडी थोडी" असं आयुष्यात एकाच माणसानं ऐकवलं, आणि तो माणूस स्वित्झर्लंडचा होता. वडील पुण्याच्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. ऱ्हस्व-दीर्घाच्या एका चुकीपायी त्यांनी माझ्या लग्नाच्या पत्रिका पुन्हा छापायला लावल्या होत्या. ते पहिल्यांदाच लेकीच्या घरी अकोल्याला आले, तर कुंपणापलीकडून हाफपँट घातलेला एक धिप्पाड, तांबडालाल गोरा माणूस हात जोडून म्हणाला, "राम राम. कवा आले? गाडीत लय गर्दी होती का?" वडिलांनी "प्रवास अत्यंत सुखावह झाला" असं उत्तर दिलं. त्यावर साहेबांनी माझ्याकडे वळून कौतुकानं मान हलवली आणि ते वाक्य उच्चारलं. वडील उरलेले दिवस कुंपणाकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसले.

हे साहेब एका स्विस कापूस कंपनीचे अकोल्यातले मुख्य होते आणि आमचे हे त्यांचे हेडक्लार्क. जिनिंगच्या आवारात साहेबांचा बंगला आणि त्याच्या कुंपणाला लागून आमचं घर. मी नुकतीच लग्न होऊन पुण्याहून आले होते आणि आपल्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली आहे अशा समजुतीत वावरत होते. साहेब त्याआधी कराचीला होते, रंगूनला होते. आशिया आपल्याला समजला आहे असं त्यांचं ठाम मत होतं, आणि कोणी विचारायच्या आत ते ते सांगून टाकत. त्यांचं खरं नाव उच्चारायला घसा खाकरावा लागे, म्हणून गावानं त्यांना आधी नुसतंच साहेब म्हटलं. पुढे मोठं नाव मिळालं, ते कसं ते येईलच.

त्यांची मराठी गिरजाबाईची होती. गिरजाबाई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. बंगल्यावर मांसमच्छी शिजवायला गावातलं दुसरं कोणी तयार नसे, त्यामुळे गावानं दूर ठेवलेल्या वस्तीतल्या गिरजाबाईला ती नोकरी मिळाली होती. ती साहेबांशी जशी बोले तशी मराठी साहेब शिकले आणि तीच खरी मराठी, बाकीच्या सगळ्या बिघडलेल्या, असं धरून चालले. मला एकदा समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमची मराठी गोड हाये. पन ऐकल्यावर समजत नाही, का मानूस हो म्हनून राहिला का नाही म्हनून राहिला." मला इतका संताप आला की मी "असं का म्हणता, छे छे, तसं काही नाही हो" असं म्हणाले. साहेब गिरजाबाईकडे बघून म्हणाले, "पाह्य, हे असं."

स्वित्झर्लंड म्हणजे घड्याळं, एवढं गावाला ठाऊक होतं. त्यामुळे कापूस विकायला आलेला शेतकरी जाता जाता बंद पडलेलं घड्याळ साहेबांच्या टेबलावर ठेवी. "जरा पाहून घ्या सायेब." साहेब स्वतः मनगटाला काही बांधत नसत आणि वेळ रस्त्यावरच्या माणसाला विचारत. "मी रुईचा मानूस हाये बाप्पा," असं ते जीव तोडून सांगत. पण गावाचा समज असा झाला की कंपनीनं त्यांना घड्याळाला हात लावायची मनाई केली आहे. वकीलसाहेब तर आपलं खिशातलं घड्याळ मुद्दाम घेऊन आले आणि दार लावून घेऊन हळूच म्हणाले, "आपण दोघंच आहोत."

या वकीलसाहेबांची ओळख करून दिली पाहिजे. ते आमच्या भागातले वेगळ्या विदर्भाचे पुढारी. राज्यांच्या सीमा नव्यानं आखायच्या गोष्टी चालल्या होत्या, तो काळ. अकोल्यात दोन तट होते. एक वकीलसाहेबांचा, वेगळं राज्य मागणारा. दुसरा हेडमास्तरांचा, मुंबईसकट सगळ्या मराठी मुलखाचं एकच राज्य मागणारा. दोन्ही तटांची माणसं संध्याकाळी साहेबांच्या व्हरांड्यात येऊन चहा पीत, कारण चहा फुकट होता आणि व्हरांड्याला वाळ्याचे पडदे होते. आमच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्यासाठी माणूस कुठलंही राजकीय मत तासभर ऐकून घेतो.

साहेबांची मतं मात्र ऐकण्यासारखी असत, हे मला रागारागातही कबूल करावं लागे. "राजधानी नागपूरले असो का मुंबईले," ते म्हणत, "अकोल्याची फाईल दोन्हीकडं हरवते." किंवा, "रंगूनले पायलं, कराचीले पायलं, इथं पायलं. साऱ्यायले स्टेजवर बसाचं हाये. सभा झाल्यावर सतरंजी कोन उचलनार, थे कोनी ठरवत नाही." अमरावतीला जाऊन आले की हमखास म्हणत, "तिकडं कमिशनर हाये म्हनून तिकडचा मानूस तुमाले लहान समजते. तुमच्याकडं काय हाये? उकाडा." वकीलसाहेब हसत, हेडमास्तर हसत आणि दोघंही आणखी एक कप घेत.

पण कोणी "मग साहेब, तुम्ही कोणत्या बाजूचे?" असं विचारलं, की साहेब दोन्ही हात वर करत आणि म्हणत, "मले काय करा लागते?" पुण्याच्या मराठीत याचा अर्थ 'मला काय त्याचं'. पण त्यात तुसडेपणा असतो. साहेबांच्या तोंडी ते त्यांच्या देशाचं अधिकृत धोरण होतं. त्यांचा देश म्हणे दोन्ही महायुद्धांत कोणाच्याच बाजूनं लढला नाही, आणि या गोष्टीला मराठीत काय म्हणतात असं त्यांनी गिरजाबाईला विचारलं होतं. तिनं क्षणभर विचार करून हे वाक्य दिलं. साहेबांना ते इतकं आवडलं की बाजारातल्या भांडणापासून कोरियापर्यंत सगळीकडे ते त्यांनी वापरलं. एकदा आमच्या ह्यांच्यात आणि माझ्यात माहेरी जाण्यावरून वाद चालला होता. कुंपणापलीकडे साहेब फुलझाडांना पाणी घालत होते. ह्यांनी अगतिक होऊन "साहेब, तुम्हीच सांगा" म्हटलं, तर झारी तशीच धरून तेच वाक्य आलं.

असा माणूस वकीलसाहेबांनी सभेत उभा केला. लहान लहान राज्यांनी देशाचं कसं भलं होतं, हे एका परक्या, निःपक्षपाती पाहुण्याच्या तोंडून लोकांना ऐकवायचं होतं. साहेबांना वाटलं, भूगोलावर बोलायचं आहे. त्यांच्या देशात बावीस छोटी छोटी राज्यं होती, प्रत्येकाचा स्वतंत्र कारभार. 'राज्य' म्हटलं की लोकांना राजा आठवेल, म्हणून त्यांनी आपल्या परीनं सोपा शब्द शोधला. उभं राहून खणखणीत आवाजात ते म्हणाले, "आमचा देश लहानसा हाये. पन त्याच्यात बावीस वऱ्हाडं हायेत!"

लग्नसराईचे दिवस होते. मागच्या बाजूनं एका म्हाताऱ्यानं उठून, खरोखरच काळजीच्या सुरात विचारलं, "मंग येवढ्यायले जेवाले कोन घालते?"

"ज्याचं त्याचं वऱ्हाड आपापलं खाते," साहेब अभिमानानं म्हणाले.

"हात् बाप्पा," म्हातारा खाली बसत म्हणाला, "तिथं पोरगी देऊ नोका."

हशा ओसरल्यावर वकीलसाहेबांनी घाईघाईनं खुलासा केला आणि म्हणाले की पाहा, बावीस वेगळी राज्यं, तरी किती सुबत्ता! तेवढ्यात हेडमास्तर श्रोत्यांतून उभे राहिले. "पण साहेब, बावीस असून देश एकच आहे ना?" साहेब म्हणाले, "हो, एकच हाये ना." मग दुसऱ्या बाजूच्या टाळ्या. सभा संपली तेव्हा दोन्ही तट खूश होते, दोघांनीही साहेबांना आपलं मानलं आणि साहेबांना जन्मभराचं नाव मिळालं. पोस्टमनसुद्धा विचारी, "बावीस वऱ्हाडाचे सायेब हायेत का घरी?"

सतरंजी त्या दिवशी कोणी उचलली ते मला माहीत नाही.

त्यानंतरच्या वर्षी गिरजाबाईच्या वस्तीतली सगळी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आली. गिरजाबाई पांढरं लुगडं नेसून कामावर आली आणि कचेरीच्या माठातलं पाणी स्वतःच्या हातानं काढून प्याली. याआधी तिला ते ओंजळीत वरून ओतलं जाई. मुकादम धावत साहेबांकडे गेला. साहेब रुईचा पेळू दोन बोटांत धरून ताणून बघत होते. वर न बघता म्हणाले, "मले काय करा लागते? पानी हाये, तहान लागली, पेली." मुकादम आला तसा परत गेला. माठ तिथंच राहिला आणि गिरजाबाई त्यातलं पाणी पीत राहिली. साहेबांच्या धोरणाचा कोणाला फायदा झालेला मी पाहिला, तो त्या एकाच वेळी.

साहेबांचा तोरा उतरलेलाही एकदाच पाहिला, आणि तो गिरजाबाईनंच उतरवला. निवडणुकीचा दिवस होता. गिरजाबाई सकाळीच मत टाकून आली होती. मीही आले होते. साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आम्हांला लोकशाही समजावून सांगत होते. त्यांच्या गावाकडे म्हणे वर्षातून एकदा सगळे मैदानात जमतात आणि हात वर करून कारभार ठरवतात. पेटी नको, कागद नको, वकील नको. ऐकता ऐकता मी सहज विचारलं, "आणि बायकांचे हात?"

साहेब अडखळले. "बायायचे हात... बायायले मत नाही आमच्याकडं."

गिरजाबाई भाकरी थापता थापता थांबली. "म्हंजे तुमच्या मायनं कवाच मत टाकलं नाही?"

"नाही."

"बहिनीनं?"

"नाही."

"अन् मी आत्ता टाकून आली," गिरजाबाई पिठाचे हात कमरेवर ठेवून म्हणाली, "अन् तुमी आमाले राज्य शिकवून राहिले!"

मी लग्नानंतर अकोल्यात एवढी मनापासून कधी हसले नव्हते. साहेबांनी त्यानंतर बरेच दिवस आपल्या देशाचं नाव काढलं नाही.

मग मराठी राज्य झालं. वकीलसाहेब आदल्या आठवड्यापर्यंत वेगळे होते. राज्य झालं त्या सकाळी ते आंघोळ करून, नवी टोपी घालून संयुक्त झाले. झेंड्याखाली त्यांचं भाषण हेडमास्तरांपेक्षा लांबलं. हेडमास्तरांना बोलायला उरलं ते आभारप्रदर्शन. मंत्र्यांच्या गाड्या वकीलसाहेबांच्या दारात थांबू लागल्या आणि कलेक्टर कचेरीत त्यांचा शब्द चालू लागला.

त्याच सुमारास साहेबांच्या कंपनीनं अकोल्याचं काम बंद करायचं ठरवलं. साहेबांना परत बोलावलं, पेन्शन दिली. डोंगरातल्या एका गावात बहीण होती, तिच्याकडे जावं असं सगळे म्हणत होते. पण साहेबांना जायचं नव्हतं. एरवी सगळ्या आशियावर मत देणारा हा माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि लहान तोंड करून म्हणाला, "तिकडं मले कोन वळखते? मी इथंच मरीन म्हनतो." परदेशी माणसाला राहू द्यायचं, तर त्याच्यासाठी कोणीतरी वजनदार माणसानं शब्द टाकायला हवा होता. आणि राहायला घर हवं होतं, कारण बंगला कंपनीचा. शब्द आणि घर दोन्ही वकीलसाहेबांजवळ होतं. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर त्यांचा एक बंगला कित्येक वर्षं रिकामा पडला होता.

वकीलसाहेबांनी पुरणपोळीचं जेवण ठेवलं. साहेब, आमचे हे आणि मी. "सायेब म्हंजे आमच्या वऱ्हाडाचं भूषन हाये," असं ते यजमानांच्या उत्साहानं सांगत होते. घर दिलं, शब्द दिला, साहेबांच्या पोळीवर तूप स्वतः वाढलं. दुसरी पोळी पानात पडली तेव्हा साहेबांनी विचारलं, "गिरजासाठी मागं एखादी खोली हाये का? तिले रोज यायले लांब पडन."

वकीलसाहेब एरवी घरात ठसठशीत वऱ्हाडी बोलत. त्या क्षणी ते एकदम माझ्या वडिलांच्या मराठीत बोलू लागले. "त्याचं असं आहे साहेब, विहीर आवारातलीच आहे. आमच्या मातोश्री जुन्या वळणाच्या. माझं स्वतःचं काहीच म्हणणं नाही. पण त्या बाईंनी विहिरीवर न आलेलं बरं. स्वयंपाकाला आपण दुसरी चांगली बाई बघू. लोकांचा विचार करावा लागतो."

आमच्या ह्यांनी पानाकडे बघत मान हलवली. साहेब काय म्हणणार हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं ते एकच वाक्य म्हणत आले होते. ते म्हटलं की घर मिळत होतं, अकोला मिळत होतं. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांचा चेहरा आणखी तांबडा झाला.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "तुमी इतके वर्षं वेगळं वऱ्हाड मांगत होते. थे कोनापासून वेगळं?"

आणि ते ताटावरून उठले. वऱ्हाडात अर्ध्या जेवणावरून उठणं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मोरीपाशी जाऊन त्यांनी हात धुतले, टोपी घेतली आणि चालत निघाले. वकीलसाहेबांच्या मातोश्री आतून विचारत होत्या, "काहून उठले पाव्हने? पोळी कच्ची राह्यली का?" त्या म्हातारीला यातलं काहीही माहीत नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. आम्ही दोघं मात्र बसून राहिलो आणि जेवण पुरं केलं, कारण ह्यांना अकोल्यातच नोकरी शोधायची होती.

गिरजाबाईला कळलं तेव्हा ती साहेबांवर आभाळ कोसळल्यासारखी ओरडली. कुंपणाच्या अलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "काहून भांडले? मी दुसरं घर पाहिलं असतं! मले रोजचंच हाये ते, तुमाले घर भेटत होतं ना! तुमचं ते म्हनून टाकाचं होतं, मले काय करा लागते म्हनून!"

"म्हनून पायलं," साहेब म्हणाले. "तोंडातून निंगालंच नाही."

त्यावर तिनं भांडी नेहमीपेक्षा जास्त आपटली.

मग खटपटी झाल्या. गिरजाबाईच्या वस्तीनं एक खोली देऊ केली, सारवून, चुना मारून. हेडमास्तर कलेक्टरांना भेटून आले. आमच्या ह्यांनीही जामीन म्हणून आपलं नाव दिलं, पण बंद पडलेल्या कंपनीच्या हेडक्लार्कच्या नावाला वजन किती असणार? कलेक्टर कचेरीत सगळे फार अदबीनं बोलत आणि वकीलसाहेब काय म्हणतात ते एकदा विचारून घ्या असं सुचवत. साहेब वकीलसाहेबांकडे गेले नाहीत. राहायची मुदत संपली.

स्टेशनवर मुंबईकडे जाणारी मेल यायची होती. वकीलसाहेब हार घेऊन आले, सोबत फोटोग्राफर. वऱ्हाडचा पुत्र आज वऱ्हाडाला पारखा होत आहे, असं त्यांनी जमलेल्या हमालांना सांगितलं. साहेबांनी हार घालून घेतला, फोटो काढू दिला. मग हार काढून बाकावर ठेवला आणि गिरजाबाई उभी होती तिथं गेले. गाडी आत आली, सामान चढलं, साहेब दारात उभे राहिले.

गिरजाबाई म्हणाली, "सायेब, तिकडं मराठी कोनासंगं बोलसान?"

हा प्रश्न साहेबांना कधी सुचलाच नसावा. ते गोंधळले. मग म्हणाले, "गाईसंगं. आमच्या गावात गाई लय हायेत."

"गाईले काय समजते?"

"वकिलापेक्षा जास्त."

गाडी हलली. गिरजाबाई पदर तोंडाशी धरून मोठमोठ्यानं हसत होती आणि डबा पुढं जाईल तशी त्याच्याबरोबर चालत होती. फलाट संपला तिथं ती थांबली. परत आली तेव्हा हसत नव्हती. बाकावरचा हार बाजूला सारून बसली, आणि मी तिच्या शेजारी बसले. मला त्या माणसाचा इतकी वर्षं राग येत होता, माझ्या भाषेवरून, माझ्या वडिलांवरून, त्याच्या त्या बावीस वऱ्हाडांवरून. आणि आता अकोल्यात राग यावा असं कोणी उरलं नाही म्हणून मला रडू आवरेना. बाहेर हे तांगा थांबवून वाट बघत होते. तांगेवाल्यानं दोनदा हाक मारली, पण आम्ही दोघी काही लवकर उठलो नाही.